रेडिएटर फॅनचा आवाज आणि झीज: नेहमी येणारे प्रश्न

दुकानाच्या नंबरवर रोज एक-दोन क्लिपा येतातच, बॉनेट उघडून दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग आणि खाली एकच ओळ, "दादा हा आवाज कसला?" मोबाइलच्या माइकमधून सगळेच आवाज घर्रर्र असेच येतात, त्यामुळे मी उलट विचारतो की कधी येतो, थंड असताना की गरम झाल्यावर, एसी लावला की येतो का, रेस दिली की वाढतो का, आणि निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं. तेच ते प्रश्न इथे एकत्र टाकतोय. बहुतेक उत्तरं इलेक्ट्रिक फॅनची आहेत. बेल्टवर फिरणाऱ्या फॅनवाल्यांनी आधी प्रश्न 12 बघा.

1. माझ्या गाडीचा फॅन बराच वेळ बंदच असतो. खराब झालाय का?

बहुतेक नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरमधून फिरायला लागतं, फॅन मात्र अजून वाट बघत असतो, तो बऱ्याच गाड्यांत 95 ते 98 अंशांच्या जवळपास लागतो आणि चार-पाच अंश उतरले की बंद होतो (आकडे गाडीगणिक थोडे बदलतात). पन्नास-साठच्या वर गाडी पळत असली की समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो, तेव्हा फॅनची गरजच नसते. त्याचं खरं काम सिग्नलला, टोलच्या रांगेत आणि घाटात. एसी लावला की मात्र बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन लागतो, कारण पुढचा कंडेन्सरही (रेडिएटरपुढची एसीची जाळी) त्यालाच गार करायचा असतो.

2. चावी काढून घेतली तरी फॅन फिरत राहतो, हे नॉर्मल आहे का?

बऱ्याच गाड्यांत हो. उन्हातून आलात, गाडी लावली, आणि मिनिट-दोन मिनिटं फॅन चालून बंद झाला तर काळजी नको. पण पंधरा मिनिटांनीही चालूच असेल किंवा सकाळी थंड गाडीची चावी फिरवताच सुसाट सुटत असेल तर प्रश्न 10 वाचा. आणि यावरूनच एक लक्षात ठेवा, इंजिन बंद आहे म्हणून फॅनमध्ये हात घालायचा नाही, तो न सांगता सुरू होतो.

3. आवाज फॅनचाच आहे की वॉटर पंप, अल्टरनेटर, बेल्टचा, हे कसं ओळखू?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वॉटर पंप, अल्टरनेटर, आयडलर पुली हे सगळे इंजिनाबरोबर फिरतात, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की त्यांच्या आवाजाची पट्टी वर चढते आणि सोडला की उतरते. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनाचं काही देणंघेणं नाही, तो बॅटरीवर चालतो, रेस द्या न द्या त्याचा सूर जवळपास तोच राहतो. त्यामुळे गाडी न्यूट्रलला ठेवून फॅन लागायची वाट बघा, आवाज फॅनबरोबर सुरू झाला आणि फॅनबरोबरच थांबला तर शोध संपला.

फॅन लागतच नसेल तर एसी लावा. पण एसीबरोबर कॉम्प्रेसरचा क्लच पण टक करून बसतो आणि त्याचं बेअरिंग गेलं असेल तर तोही बोंबलतो, म्हणून रेस देऊन बघायचं विसरू नका. अजून पक्कं करायचं असेल तर चालू गाडीच्या फॅनचा रिले (फॅनला करंट देणारा डबीएवढा स्विच, फ्यूजच्या डब्यात असतो) काढा, फॅन थांबेल, आवाज उरला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. हे मिनिटभरच करायचं आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं.

मी स्वतः या कामात पडायच्या आधी माझ्या जुन्या हॅचबॅकला किरकिर लागली होती, एका गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला, मग बेल्ट बदलला, मग टेन्शनर, आणि किरकिर होती तिथेच. शेवटी ती फॅन मोटरच्या बुशची (शाफ्ट ज्यात फिरतो ती बांगडी, प्रश्न 6) निघाली. रेस देऊन बघायला अर्धा मिनिट लागला असता, पण ते ना त्याला सुचलं ना मला.

4. खडखड, चिरचिर, भणभण, प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा असतो का?

हो, आणि आपल्या भाषेत या आवाजांना इतके शब्द आहेत की नीट वापरले तर मेकॅनिकचं काम सोपं होतं. फॅन लागताना पहिले काही सेकंद चिरचिर किंवा चीं आणि मग गप्प, म्हणजे बुश कोरडा पडलाय, सुरुवात आहे. सतत घरघर आणि बॉनेटवर हात ठेवला तर झिणझिण्या, म्हणजे बुश किंवा बेअरिंग बरंच झिजलंय नाहीतर पात्यांचा तोल गेलाय. ठराविक तालात टक-टक-टक, म्हणजे एखादं पातं फिरताना कशाला तरी लागतंय, बहुतेक वेळा काउलला (फॅनभोवतीची ती प्लास्टिकची चौकट), कधी सुटलेल्या वायरला. फडफड फडफड आली तर आधी बघा की काही अडकलंय का, एकदा मोठा बिघाड असणार म्हणून आणलेल्या गाडीतून मी वेफर्सची रिकामी पिशवी काढून दिली आणि चहा पाजून पाठवलं.

फॅन चालू असताना नुसता जोराचा सूं आवाज हा दोष नाही, तो वारा आहे. नवीन गाडी घेतलेले लोक मे महिन्यात यावरूनच घाबरतात, एसी फुल असला की फॅनही फुल स्पीडला जातो. आणि फॅन बंद होताना, वेग उतरत असताना जो आवाज येतो तो नीट ऐका. वाऱ्याचा आवाज तेव्हा कमी झालेला असतो आणि झिजलेला बुश शेवटच्या आठ-दहा फेऱ्यांत घर्र-घर्र करून स्वतःच सांगतो.

5. घरच्या घरी तपासता येईल का? काय काय लागेल?

येईल, टॉर्च आणि एक हात पुरे. गाडी पूर्ण थंड, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली, ही तिन्ही कामं आधी. मग पातं बोटाने फिरवा. ते अलगद फिरून थोडं पुढे जाऊन थांबलं पाहिजे, मोटरच्या चुंबकांमुळे हलके हलके टप्पे जाणवतात ते नॉर्मल आहे. घासल्यासारखं, वाळू अडकल्यासारखं लागलं किंवा एकाच जागी अडलं तर मोटर गेली समजा.

नंतर मधला भाग, जिथे पाती शाफ्टला बसतात, तो धरून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. वर-खाली हलता कामा नये, जाणवेल इतका प्ले आला तर बुश झिजला. पुढे-मागे केसभर हालचाल बऱ्याच मोटरींना मुळातच असते, तिला घाबरायचं नाही, पण पातं काउलला टेकेल इतकी असेल तर मात्र वॉशर झिजलेत. पात्यांच्या टोकाजवळ काउलवर गोल घासल्याची चकाकी दिसते का तेही बघा, टॉर्च तिरका मारला की दिसते. काउलचे स्क्रू आणि खालचे रबर पण हलवून बघा, पुढून छोटीशी धडक बसलेल्या गाडीत फॅन चांगला आणि काउल वाकडी असं खूपदा असतं.

6. "बुश गेला, कार्बन गेले" म्हणजे नक्की काय जातं? तेवढंच बदलून मिळतं का?

परवाच एक मोटर उघडली ती सांगतो. मागचं झाकण काढलं तर आत सगळीकडे काळी भुकटी, शिसपेन्सिल तासल्यासारखी, बोटाला लागली की जात नाही. ती कार्बन ब्रशची भुकटी. नवीन कार्बन बोटाच्या पेराएवढा असेल तर हा उरला होता तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, स्प्रिंग पूर्ण ताणलेली, म्हणून कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याचं कडं, कार्बन त्यालाच टेकून करंट देतो) कधी टेकायचा कधी नाही. अशी मोटर उनाड पोरासारखी वागते, कधी लागते, कधी नाही, आणि वरून टप्पल मारली की सुरू होते. टप्पल मारून सुरू होणारी मोटर म्हणजे बहुतेक वेळा कार्बन संपलेत.

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी रंगाची बांगडी, तिच्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. उष्णता आणि धूळ यांनी ते तेल संपतं, मग धातूला धातू घासतो, आधी चिरचिर मग घरघर. या मोटरच्या शाफ्टवर नख अडकेल इतकी खाच पडली होती, अशा वेळी नुसता बुश बदलून उपयोग नाही, महिन्याभरात परत तेच.

बदलून मिळतं का, तर हो, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कार्बन आणि बुश दोन्ही मिळतात. शाफ्ट गुळगुळीत असेल आणि कम्युटेटर जळलेला नसेल तर करा. नाहीतर पूर्ण मोटर घ्या. काही मोटरी दाबून बंद केलेल्या असतात, त्या उघडताना पत्रा वाकतो आणि परत तशी बसत नाही, तिथे प्रयत्नच करू नका.

7. डब्ल्यूडी-40 मारलं आणि आवाज गेला. झालं ना काम?

गेला नाही, आठवड्याची सुट्टी घेतलीय. तो स्प्रे पातळ असतो, गंज सोडवायला चांगला, पण बुशमध्ये जे काही थोडं जाड तेल उरलंय तेही धुऊन काढतो आणि नंतर आवाज दुप्पट होतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब शाफ्टच्या कडेला सोडले तर गावाला जाऊन येण्यापुरतं निभावतं. जास्त सोडलं तर ते कार्बनवर जातं, भुकटीचा चिखल होतो आणि चालती मोटर बंद पडते. ग्रीस तर नकोच, बाहेरून ते आत जातच नाही.

8. पात्याचा फक्त छोटा तुकडा उडालाय, एवढ्याने काय होतं?

फॅन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे मारतो, तेवढ्या वेगात रुपयाएवढा तुकडा कमी झाला तरी तोल जातो आणि सगळा मार बुशवर येतो. मोटर नवीन टाकूनही चार महिन्यांत परत घरघर लागली तर आधी पाती मोजा आणि एकेक तपासा. समोरचं पातं तेवढंच कापून तोल साधायचा जुगाड मी पाहिलाय, पात्यांची संख्या विषम असेल (आणि बऱ्याचदा असते) तर समोर पातंच नसतं, कापणार काय? पात्याला तडा असेल तर एम-सीलही लावू नका, तुटून उडालेला तुकडा रेडिएटरमध्ये घुसतो. फॅनची पाती बऱ्याचदा वेगळी मिळतात, तीच घ्या. काढताना एक ध्यानात ठेवा, काही मोटरींचा मधला नट उलट्या आट्यांचा असतो, सुटत नाही म्हणून जोर लावला की शाफ्टच तुटतो.

9. फॅन अजिबात फिरत नाही. सुरुवात कुठून करू?

स्वस्तातून महागाकडे जायचं. आधी फ्यूज, बॉनेटखालच्या डब्यात झाकणावर चित्र असतं. फ्यूज उडालेला असेल तर नवीन टाकून मोकळे होऊ नका, तो का उडाला ते बघा, जाम झालेली मोटर जास्त करंट खेचते आणि फ्यूज परत उडतो. मोठ्या नंबरचा फ्यूज टाकणं म्हणजे वायरिंगला आग लावायची तयारी.

मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करा, फॅन सुरू आणि हॉर्न बंद झाला तर उत्तर मिळालं. तरी नाही तर मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) काढून मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरींनी सरळ 12 व्होल्ट द्या (दोनच वायरी असतील तरच, तीन-चार असतील तर प्रश्न 15). फिरली तर मोटर ठीक, दोष मागे कुठेतरी. कपलरकडे नीट बघा, एक पिन तपकिरी आणि प्लास्टिक वितळलेलं असलं तर तिथे सैल बसल्यामुळे उष्णता झालीय. कोकणातल्या गाड्यांत पिनांवर हिरवट थर चढतो, तो खारट दमट हवेचा प्रताप. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बसते तिथला नट पण घासून घट्ट करा.

आणि उंदीर! पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की हे महाशय नेमके तापमान सेन्सरच्या आणि फॅनच्या वायरी कुरतडतात. हसू नका, श्रावणात माझं निम्मं काम तेच असतं.

क्लॅम्प मीटर असेल तर फिरणाऱ्या मोटरचा करंट मोजा. छोट्या हॅचबॅकची चांगली मोटर साधारण 7 ते 12 अँपिअर घेते, मोठ्या गाडीची 20 च्या वरही जाते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीपेक्षा तुमची बरीच जास्त घेत असेल तर बुश जड झालाय, आवाज येत नसला तरी.

10. फॅन बंदच होत नाही, थंड गाडीतही चालू. मोटर बदलू का?

मोटर सोडून सगळं बघा, ती बिचारी सांगितलेलं काम करतेय. रिले काढा, फॅन थांबला तर रिलेचे पॉइंट आतून चिकटलेत का ते रिले बदलून बघा. तरी चालूच राहिला तर तापमान सेन्सर किंवा त्याची वायर, कारण सेन्सरकडून सिग्नल आला नाही की बऱ्याच गाड्यांचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) "इंजिन तापलं असेल तर" या हिशेबाने फॅन चालू ठेवतो, सोबत चेक इंजिनचा दिवाही लागतो. एसीच्या प्रेशर स्विचमुळेही होतं, पण ते क्वचित. सतत चालून चालून बुश आणि कार्बन लवकर झिजतात, म्हणून हे लांबणीवर टाकू नका.

11. मेकॅनिकने फॅन "डायरेक्ट" करून दिला, चावी लावली की चालू. असंच ठेवलं तर?

रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय म्हणून केलं असेल तर त्याचे आभार माना. कायमचं म्हणून केलं असेल तर परत जा. थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, मोटर दुप्पट लवकर झिजते, आणि बऱ्याचदा ती वायर ना फ्यूजमधून गेलेली असते ना रिलेमधून. मुख्य दोष, म्हणजे बहुतेक वेळा एखादा सेन्सर, तसाच राहतो. डॅशबोर्डखाली वेगळं बटण लावून देणारेही आहेत, ते बटण दाबायचं विसरणारा माणूस घरात एक तरी असतोच.

12. माझी जुनी बोलेरो आहे, फॅन इंजिनालाच जोडलेला. सकाळी सुरू करताच भोंग्यासारखा आवाज करतो.

जुनी सुमो, बोलेरो, क्वालिस अशा गाड्यांत फॅन इंजिनाबरोबर फिरतो, त्यामुळे प्रश्न 3 मधली रेसची परीक्षा इथे उलटी, आवाज रेसबरोबर वाढणारच. मध्ये व्हिस्कस क्लच (गरजेप्रमाणे फॅनला पकडणारा-सोडणारा जोड) असेल तर त्यात सिलिकॉनचं तेल असतं. रात्रभर उभ्या गाडीत ते आतल्या भागात साठतं, म्हणून सकाळी पहिली एक-दोन मिनिटं फॅन पकडून फिरतो आणि घोंगावतो, मग सुटतो. हे नॉर्मल. दिवसभर, हायवेलाही विमान उडतंय असा आवाज आणि पिकअप मंद, म्हणजे क्लच कायमचा जाम.

उलट दोष जास्त घातक, क्लच पकडतच नाही. गाडी चांगली तापवून इंजिन बंद करा आणि लांबून बघा, फॅन जवळजवळ लगेच थांबला तर ठीक, गिरकी घेत राहिला तर क्लच गेला. क्लचच्या मध्यापासून बाहेर पसरलेले तेलकट, धूळ चिकटलेले पट्टे दिसले तर तेल गळतंय. वर्तमानपत्राची गुंडाळी घालून फिरता फॅन थांबवायची जुनी युक्ती कुणी सांगेल, ती करू नका, बोटं परत मिळत नाहीत.

13. नवीन मोटर टाकली, आवाज गेला, पण आता गाडी तापते!

नव्वद टक्के वेळा वायरी उलट्या लागल्यात. डीसी मोटर उलटी जोडली की उलटी फिरते आणि फॅन पुढून हवा ओढायच्या ऐवजी पुढे ढकलतो. फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, ग्रिलमधून एक कागद धरा, चिकटला तर बरोबर, उडाला तर उलटं. कागद चिकटतोय पण ढिला, तर पाती शाफ्टवर पालथी बसवलीत का बघा, तेव्हा हवा योग्य दिशेनेच जाते पण फार कमी. तिसरी शक्यता, काउल परत लावलीच नाही, "तिचं काय काम" म्हणून. तिच्यामुळेच हवा पूर्ण रेडिएटरमधून ओढली जाते, नसेल तर फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो.

14. खंबाटकी चढताना काटा वर जातो, सपाटीला खाली येतो. फॅन कमजोर झालाय का?

असू शकेल. घाटात वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त, म्हणजे वारा नाही आणि उष्णता भरपूर, तिथे फॅनची लायकी कळते. ट्रॅफिकमध्येही काटा चढत असेल आणि ऐंशीच्या स्पीडला सुरळीत असेल तर संशय फॅनवर. पण सपाट हायवेला, वेगात असतानाच काटा चढत असेल तर फॅनला सोडा, आतून तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा कमी कूलंट बघा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट पण बघा, तिथे किडे, पिसं आणि उसाचं पाचट यांची गादी बसलेली असते.

काटा लालवर गेलाच तर कडेला घ्या, एसी बंद, आतला हीटर फुल, आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण कुकरच्या शिट्टीचं काम करतं, आत दाब असतो म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की एकदम उकळून अंगावर येतं.

15. फॅनला चार वायरी आहेत आणि स्पीड हळूहळू वाढतो. याला बॅटरीवरून चेक करू का?

नको. अशा फॅनमध्ये कंट्रोलर असतो आणि ईसीएम त्याला सिग्नल देऊन हवा तेवढा वेग ठरवतो, चुकीच्या पिनला 12 व्होल्ट दिले तर कंट्रोलर जळतो आणि तो बहुतेक वेळा मोटरसकटच घ्यावा लागतो. स्कॅनर लावून फॅन चालवून बघा. दोन स्पीडच्या साध्या फॅनमध्ये मात्र कमी स्पीड गेला आणि फक्त फुल स्पीड चालतो असं झालं तर बऱ्याचदा रेझिस्टर गेलेला असतो, मोटर नाही. लोक त्याला "फॅन उशिरा लागतो आणि एकदम बोंबलतो" असं सांगतात.

16. पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, तेव्हापासून खर्र खर्र येतंय.

फॅन चालू असताना पाण्यात गेला की प्लास्टिकची पाती पाणी कापताना पुढे वाकतात आणि रेडिएटरला घासतात, कधी जाळीवर गोल चरा उमटतो. आधी तो चरा आणि कूलंटची गळती बघा. मग मोटर, आत गेलेलं गढूळ पाणी सुकलं की बुशमध्ये माती राहते. पुढच्या वेळी पाण्यात शिरायच्या आधी एसी बंद करा, तेवढ्यानेही फॅन बंद असायची शक्यता वाढते.

17. ईव्हीला इंजिनच नाही, मग पुढून फॅनचा आवाज कसला?

एसीचा कंडेन्सर तिथेही आहे, आणि बॅटरी लिक्विडने गार होणारी असेल तर तिची उष्णताही पुढेच बाहेर काढायची असते. फास्ट चार्जिंगला लावल्यावर फॅन जोरात लागतो, गाडी उभी असते, आजूबाजूला शांत असतं, म्हणून तो फार मोठा वाटतो. चिरचिर, टकटक असेल तर वरचंच सगळं लागू. फक्त तिथे स्वतः हात घालू नका, नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) वायरींच्या जवळचं काम कंपनीच्या माणसालाच करू द्या.

18. जुन्या बाजारातून मोटर घेऊ का?

घ्या, पण जाताना छोटी 12 व्होल्टची बॅटरी न्या आणि चालवूनच घ्या. बंद करताना उतरत्या वेगाचा आवाज ऐका (प्रश्न 4), शाफ्ट हलवा (प्रश्न 5), आणि कपलर तुमच्या गाडीचाच आहे का बघा, तोडून जोडलेल्या वायरी पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडेच येतात. धुऊन, काळा रंग मारून ठेवलेली मोटर शक्यतो सोडा, धुळकट घ्या. रंगाखाली काय झाकलंय ते दिसत नाही.